‘हॅव’ आणि ‘यस्टर्डे’ यांचा तंटा

इंग्रजीच्या वहींत तांबड्या शाईनें जे शब्द वारंवार खोडले जातात, त्यांत ‘हॅव’चा क्रमांक बराच वरचा लागेल. ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ असें मुलगा लिहितो. आम्ही शिक्षक ‘हॅव’वर रेघ ओढतों आणि वही परत करतों. ती रेघ कां, हें क्वचितच सांगतों. माझें मत असें कीं, ही चूक आळसाची नसून मातृभाषेशीं इमान राखल्याची आहे, आणि तिचा उलगडा मराठींतूनच केला पाहिजे.

‘मीं त्यास काल पाहिलें आहे’ हें मराठी वाक्य निर्दोष आहे. ‘काल’ आणि ‘आहे’ यांस एका पंक्तीस बसविण्यांत आपल्या भाषेस कांहीं अडचण वाटत नाहीं. जर्मन मनुष्यही बोलतांना असेंच क्रियापद ‘काल’ या शब्दासह खुशाल योजतो. फ्रेंचही तसेंच करतो. तेव्हां इंग्रजीचा हा निर्बंध तर्काचा नव्हे, ती त्या घरची रीत आहे. रीत पाळावी, पण जो ती जाणत नाहीं त्यास मूर्ख ठरवूं नये.

‘हॅव’चा मूळ अर्थ ‘जवळ असणें’. ‘लिहिलेलें पत्र माझ्यापाशीं आहे’ अशा रचनेंतून पुढें ‘मीं पत्र लिहिलें आहे’ हा अर्थ निपजला. प्राचीन इंग्रजींत तर त्या रचनेंतील धातुसाधित कधीं कधीं कर्माप्रमाणें बदलेही, जसें आपलें ‘पत्र लिहिलें’, ‘चिठी लिहिली’ असें बदलतें. म्हणून ‘हॅव’ची दृष्टि आज हातीं काय उरलें याकडे असते. ‘पाऊस पडला’ म्हटलें कीं गोष्ट संपली. ‘पाऊस पडला आहे’ म्हटलें कीं अंगणांत अजून ओल आहे. मराठी दोन्ही एकदम सांगते: ‘काल पाऊस पडला आहे, जपून चाल.’ इंग्रजीस दिवस सांगावयाचा तर ओल सोडावी लागते, आणि ओल सांगावयाची तर दिवस.

उलट, ‘मी दोन वर्षांपासून येथें राहतों’ या ठिकाणीं आपण साधा वर्तमानकाळ वापरतों आणि इंग्रजी ‘हॅव’ मागते. येथें मुलेंच काय, पदवीधरही अडखळतात.

हें सारें मला उशिरा सुचलें. माझा एक विद्यार्थी शाळा सोडल्यावर नोकरीच्या मुलाखतीस गेला होता. ‘आय हॅव पास्ड लास्ट ईयर’ हें त्याच्या अर्जांतील वाक्य तेथील गृहस्थांनीं चारचौघांत मोठ्यानें वाचलें, आणि सगळे हंसले. मुलगा मजकडे येऊन म्हणाला, “सर, यांत चुकलें काय?” त्याच्या वहींत असलें वाक्य मीं निदान दहा वेळां खोडलें असेल. “तसा नियम आहे,” एवढेंच मी म्हणालों. तो ‘बरें’ म्हणून निघून गेला.

आतां आठवीच्या वर्गांत रेघ ओढण्यापूर्वीं मी फळ्यावर पावसाचीं तीं मराठी वाक्यें लिहितों. त्या मुलास मात्र तीं दाखवावयाचीं राहिलीं आहेत.