दुधाचा कस : दोष गाईचा की गोठ्याचा?

गाईच्या दुधाचे मोल केवळ मापावर ठरत नाही. साधारणपणे ३.५ टक्के स्निग्धांश, म्हणजे फॅट, व ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ, म्हणजे एस.एन.एफ., ही प्रत धरून दराचा हिशेब होतो. प्रत उतरली की दर कापला जातो, आणि पुष्कळ शेतकरी गाईला दोष देऊन तिला बाजार दाखवितात. हा निर्णय बहुधा घाईचा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

जात हा कसाचा पाया होय, यात शंका नाही. होल्स्टीन फ्रिजियन गाईच्या दुधात स्निग्धांश साडेतीन टक्क्यांच्या आसपास, गीरच्या दुधात साडेचार, तर जर्सीच्या दुधात पाच टक्क्यांच्या जवळपास असतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'फुले त्रिवेणी' या संकरित गाईत निम्मा अंश होल्स्टीनचा आणि प्रत्येकी चतुर्थांश जर्सी व गीर यांचा आहे. दहा किलो दुधात साडेतीन टक्क्यांनी ३५० ग्रॅम, तर आठ किलो दुधात साडेचार टक्क्यांनी ३६० ग्रॅम स्निग्धांश मिळतो. म्हणून रेतन करविताना केवळ लिटरचा आकडा पाहू नये. वळूच्या मातेच्या दुधाचा कसही विचारावा.

परंतु जात बदलावयास पिढ्या लागतात. गोठ्याची रीत आज बदलता येते. आपल्या ऊसपट्ट्यात वाढे स्वस्त मिळतात. मात्र त्यांत प्रथिने अल्प असतात व त्यांतील ऑक्झलेटमुळे चुना अंगी लागत नाही. केवळ वाढ्यांवर पोसलेल्या गाईचे एस.एन.एफ. घटते. उलट, वैरण तोडून पेंड व भरडा वाढविल्यास रवंथ मंदावते आणि फॅट घसरते. कडबा, लसूणघास किंवा मुरघास आणि बेताचे आंबोण यांचा मेळ घालणे हाच उपाय होय. शेवटच्या धारांत स्निग्धांश सर्वाधिक असतो; म्हणून कास पूर्ण रिकामी करावी. कासदाह झाल्यास दुधातील शर्करा घटून एस.एन.एफ. उतरते, याकडेही लक्ष असावे.

ग्रामसेवक बंधूंनी मिसळलेल्या कॅनवरून अनुमान काढू नये. प्रत्येक गाईचे सकाळ-सायंकाळचे दूध वेगळे तपासावे, वैरण सुधारून तीन आठवडे थांबावे व पुन्हा तपासणी करावी. त्यानंतरही कस न सुधारला, तरच जातीचा विचार करावा. दोनच गाईंवर प्रपंच चालविणाऱ्या शेतकऱ्यास चांगली गाय गमावणे परवडणारे नाही.