उत्तररंगाला वेळ द्या

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ येऊ लागली की गिरगावातील वाड्यावाड्यांच्या तोंडाशी काळे फलक धुऊन पुसून उभे केले जातात. वर 'श्री गजानन प्रसन्न', खाली आरतीच्या वेळा आणि त्याखाली खडूने आखलेल्या चौकटीत रोजच्या रात्रीचा कार्यक्रम. हल्ली पुष्कळ ठिकाणी खडूची जागा छापील कापडाने घेतली आहे आणि त्यावर कार्यक्रमांपेक्षा शुभेच्छुकांच्या छबीच मोठ्या असतात, ही गोष्ट वेगळी. तरीही कामावरून परतणारा माणूस क्षणभर तेथे थांबतो. आज काय, उद्या काय, हे वाचून मगच जिना चढतो. यंदाचे फलक आता लागू लागतील. त्यांवर काय लिहिले जावे, याविषयी आम्हांस थोडे बोलावयाचे आहे. फलक रंगल्यावर बोलून काही उपयोग नसतो.

करमणूक कशाला म्हणावे हे गिरगावाला कोणी शिकवावयास नको. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, १९०१ साली लोकमान्य तेथे येऊन गेले. त्या चाळीने मूर्ती लहान ठेवण्याचा आणि ती पालखीतून विसर्जनास नेण्याचा आपला जुना परिपाठ अद्याप सोडलेला नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी लोकांनी पाहिला तो येथल्याच कॉरोनेशन सिनेमात, आणि पडदा प्रथम बोलू लागला तो १९३१ साली, येथल्याच मॅजेस्टिकमध्ये, 'आलम आरा'च्या रूपाने. ऑपेरा हाउसजवळ देवधर मास्तरांच्या संगीतशाळेत कुमार गंधर्व घडले. १९३५ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाने केळेवाडीत नाटकाला हक्काचे घर दिले. गल्लीत पांढरा पडदा बांधून दाखविलेले चित्रपट तर आमच्या पिढीने दोन्ही बाजूंनी पाहिले आहेत. पडद्यामागे बसणाऱ्यांना नायक डावखुरा दिसे, पण तिकडे जागा ऐसपैस मिळे!

असे हे गिरगाव आता पूर्वीइतके गिरगावात राहत नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेली भाडी, त्यामुळे न झालेल्या दुरुस्त्या, वाढलेली कुटुंबे आणि न वाढणाऱ्या खोल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. कोणी बोरिवलीला गेले, कोणी विरारला, कोणी डोंबिवलीला. ज्या इमारती पुनर्विकासात गेल्या, तेथील माणसे तात्पुरत्या भाड्याच्या जागांत पांगली. तथापि वर्षातून दहा दिवस ही माणसे परत येतात. मनगटावर अत्तराचा बोट फिरवून घेतात, जुन्या खोलीच्या कठड्यावरून खाली वाकून पाहतात आणि आरतीला आपल्या जुन्या जागी उभी राहतात. उत्सवाचा कार्यक्रम ठरविताना आम्ही नेमके ह्यांनाच विसरतो. हे आम्ही परक्याविषयी बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या वाडीत जे घडले त्याचा दोष आमच्याकडेच येतो, म्हणून ते सांगतो.

त्या दिवशी कीर्तन होते. बुवा वयोवृद्ध, नारदीय परंपरेतले. सोबत पेटी आणि तबला. साडेसातची वेळ फलकावर लिहिली होती. परंतु सात वाजता एका पाहुण्यांचे आगमन व्हावयाचे होते, ते सव्वाआठला झाले. मग सत्कार, मग भाषण, मग प्रायोजकांच्या नावांचे वाचन. पावणेनऊला बुवा उभे राहिले. पूर्वरंगात त्यांनी नामाच्या महिम्यावर निरूपण केले. मध्यंतरात त्यांना हार घातला, बुक्का लावला, आणि उत्तररंगाला त्यांनी चंद्रहासाचे आख्यान घेतले. दुष्टबुद्धी प्रधानाने चंद्रहासाच्या हाती पत्र दिले आहे, ह्या मुलास विष द्यावे असे त्यात लिहिले आहे, आणि ते पत्र घेऊन निघालेला तो निरागस मुलगा वाटेतल्या बागेत झाडाखाली झोपी गेला आहे. प्रधानाची मुलगी विषया तेथे येते... मांडवात पानसुपारीचा आवाजसुद्धा थांबला होता.

त्याच वेळी मांडवाच्या मागे वाद्यवृंदाचे लोक आपली सामग्री घेऊन ताटकळत उभे होते. दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागणार, त्यांना ठरलेले पैसे तर द्यावेच लागणार, म्हणून समितीने बुवांना चिठ्ठी पाठविली : 'कृपया पाच मिनिटांत आटोपते घ्यावे.' बुवांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली, दोन वाक्यांत चंद्रहासाला सुखरूप राज्यावर बसविले आणि आरती सुरू केली. एक अक्षर बोलले नाहीत. नारळ घेतला, नमस्कार केला आणि निघाले. ती चिठ्ठी आमच्या हस्ताक्षरात होती.

विरारहून आलेल्या एक आजी, पूर्वीच्या आमच्या शेजारी, जिन्याशी भेटल्या. म्हणाल्या, "अरे, त्या विषयेने काजळाने अक्षर वाढवलं, 'विष'चं 'विषया' केलं, तेवढं तरी सांगू द्यायचं होतंस त्यांना. मला गोष्ट पाठ आहे रे. नातीला ऐकवायला आणली होती." आम्हांस उत्तर सुचले नाही. वाद्यवृंदाची तीन गाणी झाली आणि दहा वाजले.

दहाच्या नियमाला उत्सवाचा शत्रू ठरविण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक वर्ज्य आहे. वर्षातील फार तर पंधरा दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करण्याची मुभा राज्य शासनास आहे, आणि त्यांतले किती दिवस गणपतीला मिळणार याची चर्चा दर वर्षी हिरिरीने होते. आमचे मत लोकांना चमत्कारिक वाटेल, पण आम्हांस हा नियम सोयीचा वाटतो. निवासी वस्तीत रात्रीच्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल ठेवली आहे. कीर्तनाला, भजनाला किंवा मुलांच्या नाटुकल्याला चाळीच्या चौकात तसाही फारसा कर्णा लागत नाही. अडचण दहाच्या घंटेची नाही, सातला सुरू होणारा कार्यक्रम पावणेनऊला सुरू होतो ही आहे. विरारला जाणाऱ्या माणसाने साडेनऊला चर्नी रोड गाठले तर तो अकराच्या सुमारास घरी पोचेल. डोंबिवलीचा माणूस दादरला गाडी बदलणार. ऑक्टोबर २०२५ पासून गिरगावाला भुयारी मेट्रोचे स्वतःचे स्थानक मिळाले खरे, पण ती गाडी काही विरारला जात नाही. म्हणून सायंकाळी साडेसहाला आरंभ आणि साडेनऊच्या आत आरती, असे वेळापत्रक फलकावर लिहावे आणि, मुख्य म्हणजे, ते पाळावे. पाहुणे उशिरा आले तर त्यांनी मागे बसून ऐकावे. गणपतीच्या मांडवात मागे बसण्यात कोणाचाही मान कमी होत नाही.

दुसरा मुद्दा थोडा कटू आहे. दहा संध्याकाळींपैकी किती वाडीच्या स्वतःच्या असतात, हे कोणीही आपापल्या फलकावर मोजून पाहावे. बाहेरून पैसे देऊन आणलेला वाद्यवृंद, बक्षिसांच्या पैठण्या वाटणारा खेळ, जादूगार, पुन्हा वाद्यवृंद. आणि वाडीतल्या मुलांची एकांकिका दुपारी तीन वाजता, जेव्हा प्रेक्षक म्हणून फक्त त्यांच्या आया असतात. वाद्यवृंदाशी आमचे वैर नाही. त्यांचीही पोटे ह्याच दिवसांवर चालतात आणि एखादी संध्याकाळ गाण्यांची असावी, अशी आमचीही इच्छा असते. परंतु एके काळी मेळ्यांत गाणारी मुले ह्याच चाळींच्या खोल्यांतून निघत असत, तालमी जिन्याखाली होत असत, आणि कोणाचा सूर लागतो हे साऱ्या वाडीला ठाऊक असे. २०२५ साली शासनाने ह्या उत्सवास राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. तो मान आनंदाने घ्यावा. मात्र राज्याचा उत्सव झाला म्हणून तो वाडीचा उरू नये, असे काही त्यात लिहिलेले नाही. निम्म्या संध्याकाळी घरच्या माणसांना द्याव्या, एवढेच आमचे मागणे. एक दिवस स्त्रियांच्या भजनाचा, एक मुलांचा, एक वाडी सोडून गेलेल्यांचा. त्यांच्यात कोणी सतार वाजवितो, कोणी अजून नाट्यपदे गातो. त्याला बोलावणे गेले तर तो गाडीच्या वेळेची तक्रार करणार नाही. अथर्वशीर्षाची आवर्तने सकाळीच होतात आणि आपल्याच माणसांकडून होतात, त्यांत आम्हांस सुचविण्यासारखे काही नाही.

आता जेवणाविषयी, कारण फलकावर 'मोदक स्पर्धा' आणि 'महाप्रसाद' हे दोन शब्द असल्यावाचून गिरगावचा फलक पुरा होत नाही. उकडीचा मोदक गरम असताना त्यावर तूप घालून खावा, हे परीक्षकांना ठाऊक नसते असे नाही. तरी स्पर्धेत तो दुपारी ताटात मांडला जातो, परीक्षक संध्याकाळी येतात, आणि सुकलेल्या पारीच्या कळ्या मोजून बक्षीस ठरते. एकवीस कळ्या काढणारीचे कौतुक करावेच. पण जिची उकड मऊ, जिच्या सारणात गूळ नेमका आणि वेलचीचा दर्प नाही, ती मागे राहते. शिवाय विरारहून येणारी सुगरण उकडीचे मोदक डब्यात घालून आणणार कशी? यंदा स्पर्धा करावयाचीच असेल तर चौकात दोन शेगड्या मांडाव्या, हळदीची पाने समितीने आणावी, प्रत्येकीने तेथेच पाच मोदक वळावे, आणि ते उकडले की परीक्षकांनी बोट भाजून घेत खावे.

महाप्रसादाची गोष्टही अशीच. हातात ताटली घेऊन उभ्याने रांगेत सरकणे ही सोय असेल, पण ती पंगत नव्हे. पंगतीत बसले की कोण शेजारी बसले ते कळते, वाढणाऱ्या मुलाला आजोबा नाव विचारतात, आग्रह होतो, आणि वरणभातावरचे तूप संपेपर्यंत एका घराची दुसऱ्या घराशी वर्षभराची बातमी होऊन जाते. आपल्या वाडीतल्या पन्नास-साठ बिऱ्हाडांच्या दोन पंगती सहज होतात. बाहेरून दर्शनास येणाऱ्यांसाठी प्रसादाचा शिरा द्रोणांत ठेवावा. ज्यांना अधिक भूक आहे त्यांची चिंता ठाकूरद्वारापासून फणसवाडीपर्यंतच्या मिसळीने आणि पियुषाने पिढ्यान् पिढ्या वाहिली आहे. ऋषिपंचमीची भाजी मात्र घरोघरी व्हावी. बैलाच्या श्रमाचे न खाण्याच्या त्या दिवशी एखाद्या बिऱ्हाडाने मोठ्या पातेल्यात ती भाजी करून मजल्यावर वाटली, तर अळू, सुरण, लाल भोपळा आणि मक्याचे कणीस यांचा तो साधा वास भाषणापेक्षा अधिक सांगून जातो.

आमच्या वाडीपुरते ठरले ते असे. पंचमीच्या संध्याकाळी साडेसहाला कीर्तन. त्यानंतर काहीही नाही. सत्कार चतुर्थीच्या सकाळी प्राणप्रतिष्ठेनंतर उरकून घेणार. ज्यांना जमिनीवर बसवत नाही त्यांच्यासाठी वीस खुर्च्या सांगितल्या आहेत. ही व्यवस्था एकमताने झाली असे नव्हे. तरुण मंडळी नाखूष होती आणि पंचमीला गर्दी कमी जमेल, वर्गणीदार विचारतील, असा त्यांचा रास्त आक्षेप होता; शेवटी वाद्यवृंदाला शनिवारची संध्याकाळ पूर्ण मोकळी दिल्यावर ती राजी झाली.

बुवांकडे आम्ही स्वतः जाऊन आलो. येतो म्हणाले. कोणते आख्यान घेणार, असे विचारले तेव्हा हसले आणि म्हणाले, "चंद्रहास बागेत झोपला आहे, त्याला उठवायला नको का? मात्र ह्या वेळी पत्र एकच असू द्या." विरारच्या आजींना त्याच रात्री दूरध्वनी केला. नात आता सहावीत गेली आहे, तिची परीक्षा त्याच आठवड्यात येते की काय, ते पाहून कळवतो म्हणाल्या.