चोखंदळ असावं, पण जिभेनं



ज्वारीची रास घरात आली, कडब्याची गंज लागली, आता जरा हात मोकळा झालाय. म्हणून आज खत, फवारणी, पाणी यातलं काही लिहीत नाही. आज खाण्यापिण्याच्या नखऱ्यांबद्दल लिहितो.

प्रत्येक माणसाचा कशात ना कशात हट्ट असतोच. कुणाला चहात साखर चालत नाही, गूळच पाहिजे. कुणाला शेंगदाण्याची चटणी मिक्सरमधली नको, उखळात कुटून तेल सुटलेली लागते. कुणी फ्रीजच्या पाण्याला तोंड लावत नाही, माठातलंच पितो. विचारलं की हसत कबूल करतात, "आपलं जरा तसलंच हाय बाबा." माझं विचाराल तर मला भाकरी मालदांडीचीच लागते, आणि पीठ ताजं लागतं. आठ दिवसांच्या वरचं पीठ असलं की विरी जाते, थापताना कडेला चिरा पडतात, आणि पहिल्या घासाला कळतं.

याला लोक 'जिभेचे चोचले' म्हणतात आणि वाईट सवयीत जमा करतात. माझं मत उलटं आहे. जिभेनं केलेला चोखंदळपणा शेतकऱ्याला जगवतो. डोळ्यानं केलेला चोखंदळपणा मात्र शेतकऱ्याला खोटं करायला लावतो. एवढंच आज सांगायचंय, पण नीट सांगतो.

आधी जिभेचं बघा. १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित ज्वारीचा वाण आला. उत्पन्न भरपूर, बुटकं ताट, लवकर येणारं पीक. देशाला धान्याची गरज होती, त्या वाणानं पोटं भरली, ते नाकारून चालणार नाही. पण खरिपातलं हे पीक दाणे भरायच्या वेळी पावसात सापडलं की कणसावर बुरशी चढायची आणि दाणा काळा पडायचा. भाकरीला चव येईना. आमच्याकडं त्या ज्वारीला 'हायब्रीड' हेच नाव पडलं. पुढं तर कुठल्याही बेचव गोष्टीला लोक 'हायब्रीड' म्हणायला लागले. आजही म्हणतात.

आणि रब्बीत काय झालं? रब्बीत मालदांडी हलली नाही. मालदांडी ३५-१ हा आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर गावठी मालदांडीतून निवडून काढलेला वाण आहे, तोही इंग्रजांच्या काळातला. त्यानंतर किती वाण आले. फुले वसुधा, फुले रेवती, परभणी मोती ही नावं तुम्हाला माहीत आहेत, आणि ते वाण चांगलेच आहेत. पण जुनी मालदांडी अजून शेतात आहे. का आहे? सरकारनं सांगितलं म्हणून नाही. बाईनं पीठ मळून बघितलं, भाकरी थापून बघितली, दुसऱ्या दिवशी शिळी खाऊन बघितली आणि सांगितलं की हीच पाहिजे.

बैलानंही तेच सांगितलं. जनावराएवढं चोखंदळ कुणी नाही. मालदांडीचा कडबा टाकला तर गव्हाणीत काडी राहत नाही. हलका कडबा टाका, पाला तेवढा खातो, ताट तसंच ठेवतो आणि तोंड फिरवून उभा राहतो. त्याला जाहिरात कळत नाही, पिशवीवरचं चित्र कळत नाही. जीभ कळते. नवीन वाण आणला की इथले जुने लोक आधी विचारायचे, "कडबा कसा हाय?" कारण कोरडवाहू भागात धान्याएवढाच कडब्याचा आधार.

म्हणजे बघा, आमच्या आयाबायांच्या आणि बैलांच्या नखऱ्यामुळं एक वाण इतकी वर्षं टिकला. पुढं २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. कागद नंतर आला, आधी जीभ होती.

तांदळाचंही असंच. आंबेमोहोराचा वास लोकांना सोडवेना, पण ते पीक लोळायचं आणि उतारा कमी. मग वडगाव मावळच्या केंद्रानं आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून इंद्रायणी काढला. वास पाहिजे म्हणून खाणारा अडून बसला, म्हणून वासाचा तांदूळ निघाला. खाणारा "काहीही चालतंय" म्हणाला असता तर कुणी कशाला त्रास घेतला असता?

आता डोळ्याचं बघा.

गूळ घ्या. ग्राहकाला गूळ पिवळाधमक पाहिजे. काळपट, तांबूस दिसला की नाक मुरडतो, "जुना दिसतोय" म्हणतो. खरं तर काहिलीत रस आटवताना मळी काढायला भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी वापरायची आपली जुनी रीत आहे. तसा केलेला गूळ तांबूसच दिसतो. उसाचा वाण, जमीन, पाणी, यानंही रंग बदलतो. पण सौद्यात रंगाला भाव. मग गुऱ्हाळवाला काय करणार? काहिलीत हायड्रॉस पावडर टाकतो. रंग उजळतो, भाव मिळतो. गुळात सल्फर डायऑक्साइड किलोला ७० मिलिग्रॅमच्या वर असू नये असा अन्न सुरक्षेचा नियम आहे. पण पोत्यापुढं उभा राहिलेला गिऱ्हाईक तो आकडा डोळ्यानं मोजू शकत नाही. त्याला फक्त रंग दिसतो. रंगासाठी हट्ट धरणारा माणूस स्वतःला चोखंदळ समजतो, आणि त्याच हट्टापायी पावडर खातो.

तूरडाळ तशीच. चकचकीत पाहिजे. तूर आमच्या रानातून निघते तेव्हा चकचकीत नसते. तेलपाण्याचा हात देऊन, वाळवून, भरडून काढलेली डाळ मंद पिवळी दिसते, अंगावर थोडी भुकटी असते. शिजते मात्र छान. ती दुकानात ठेवली तर लोक म्हणतात माल हलका आहे. मग पॉलिश करा. शेतकऱ्याला त्या चमकेचा एक रुपया येत नाही.

भाजीचं तर विचारूच नका. वांग्याला एक भोक दिसलं की पाटी बाजूला. मेथीच्या पानाला जाळी दिसली की जुडी खाली. मला कळतं, किडकं कुणी विकत घ्यावं? पण वांगं म्हटलं की शेंडा आणि फळ पोखरणारी अळी आलीच. एकही भोक नसलेलं वांगं रोज, बारा महिने, ढिगानं पाहिजे असेल तर ते कशानं येतं हे सांगायला शेतकी शाळा लागत नाही. गावोगाव घरी खायची भाजी वेगळ्या वाफ्यात लावलेली दिसते, तिथं फवारा जात नाही. हे सगळ्यांना माहीत आहे, लपवण्यात अर्थ नाही. त्या वाफ्यातलं वांगं वाकडंतिकडं असतं, एखादं किडकं निघतं, तेवढा भाग कापून टाकतात आणि बाकीची भाजी बोटं चाटून खातात. बाजाराला मात्र आरशासारखं वांगं जातं. हा दोन वाफ्यांचा हिशोब मला बरा वाटत नाही. पण तो एकट्या शेतकऱ्यानं मांडलेला नाही, घेणाऱ्याच्या डोळ्यानंही मांडलाय.

याच बाजारात मला एक चांगला नखराही दिसतो. भेंडी घेताना बाई शेंडा मोडून बघते. कट्कन मोडला तर कोवळी, वाकला तर जून. बागवान ओरडतो, पण ती बरोबर आहे. ती रंग बघत नाही, भेंडी खायला कशी लागेल ते बघते. असा चोखंदळपणा करणाऱ्यापुढं शेतकऱ्यानं हात जोडावेत.

तिसरा एक प्रकार आहे, नावाचा चोखंदळपणा. "आम्हाला बाई लोकवनच लागतो" असं कितीतरी जण अभिमानानं सांगतात. लोकवन म्हणजे काय विचारा, गप्प. तो गहू 'लोक-१'. गुजरातेत भावनगर जिल्ह्यात सणोसऱ्याला लोकभारती नावाची संस्था आहे, तिथं निघालेला वाण. त्या 'लोक-वन'चं आपण एका शब्दात लोकवन केलं. गहू चांगलाच आहे, माझी तक्रार नाही. पण नावावर घेणाऱ्याला पोत्यात दुसरं काय भरून दिलं तरी कळत नाही. चपाती खाऊन ओळखता येत असेल तर हट्ट धरा.

नावाच्या हट्टात आपण खेडवळ माणसंही मागं नाही. घरात भाकरी, आणि पाहुणा आला की गव्हाची पोळी. लग्नात भाकरी ठेवली तर गरिबी दिसते असं वाटायचं. २०२३ साल जगानं भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, मोठ्या हॉटेलात ज्वारी गेली, तेव्हा आपल्याला ती ताटात ठेवायचा धीर आला. जिभेला पहिल्यापासून माहीत होतं, लाज डोळ्याला आणि कानाला होती.

एक गोष्ट मात्र विसरू नये. चोखंदळपणा भरल्या पोटाचा आहे. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळायची. आमच्या घरातली मोठी माणसं सांगायची, भाकरी घशाखाली उतरायची नाही, पण तीच मिळाली म्हणून जगलो. ती माणसं पुढं मालदांडीसाठी हट्ट धरायची, पण दुसऱ्याच्या घरी पानात पडेल ते गुमान खायची, उष्टं टाकायची नाहीत. माझ्या मते तोच नियम बरा. आपल्या पैशानं घेताना शंभरदा बघा, नखरे करा, चाखून बघा. दुसऱ्यानं वाढलेल्या ताटाला नावं ठेवू नका. आणि कुणी वेगळं खातो म्हणून त्याला हलका समजू नका. त्याला चोखंदळपणा म्हणत नाहीत, त्याला माज म्हणतात.

आता पैशाचं बोलतो, कारण खरी अडचण तिथं आहे. रब्बी ज्वारी चवीला चांगली, पण कष्टाला वाईट. दाणा दुधात आला की पाखरं राखायची. मग एकेक ताट हातानं उपटायचं, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, मळणी करायची. काढणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. पाण्याची सोय झाली की माणूस ऊस लावतो, आणि त्याला दोष देता येत नाही. अशानं मालदांडीचं रान कमी होत चाललंय. "मालदांडीच पाहिजे" म्हणणाऱ्यानं भाव विचारल्यावर "एवढी महाग?" म्हणून साधी ज्वारी उचलली, तर तो हट्ट नुसता बोलायचा. हट्टाला किंमत मोजावी लागते. ती मोजणारी माणसं राहिली तर पेरणारीही राहतील.

म्हणून शहरातल्या वाचकांना एवढंच सांगणं. ज्वारी घेताना आधी दोन किलो घ्या, भाकरी करून बघा, मग पोतं सांगा. पीठ थोडं थोडं दळून आणा. गूळ रंगावर घेऊ नका, खडा तोंडात टाका. खारट लागला तर ठेवून द्या. डाळ बिनपॉलिशची मागा. वांग्यात एक-दोन किडकी निघाली तर कापून टाका, आणि विकणाऱ्याला सांगा की असलीच आणत जा. तुम्ही मागाल तेच आम्ही पेरणार, तेच पिकवणार.

तुमचा हट्ट कशाचा आहे तेही लिहा. लाजू नका, चवीचा असेल तर आमच्या कामाचा आहे.