तापीतून जहाज : केळीवाल्याला परवडेल का?

जळगाव/धुळे : तापी हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 100 आहे, असं पारावर सांगितलं तर लोक हसतील. पण 2016 च्या कायद्यात तसंच लिहिलंय. हतनूर धरणापासून खंभातच्या आखातापर्यंत 436 किलोमीटर. कायद्यात नाव आलं म्हणून जहाज येत नाही, त्यासाठी नदी बांधावी लागते. तो खर्च निघेल का, हा खरा सवाल आहे.

आधी उतार बघा. भरलेल्या हतनूरचं पाणी समुद्रसपाटीपासून 214 मीटरवर असतं. पनामा कालव्यात जहाज चढवतात ते फक्त 26 मीटर. त्यासाठी दरवाजांचे मोठे हौद आहेत. पाणी भरलं की जहाज वर, सोडलं की खाली. तापीवर शेळगाव, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, मग उकाई, काकरापार. प्रत्येक ठिकाणी असे हौद लागतील. उकाईची भिंत तर पायापासून सुमारे 80 मीटर!

पनामाचा खर्च निघतो, कारण अख्ख्या दक्षिण अमेरिकेचा वळसा वाचतो. इथे वाचणार काय? भुसावळ-सुरत रेल्वे तापीच्या खोऱ्यातूनच जाते. जळगावहून सुरत जेमतेम 300 किलोमीटर, त्यात लाइन दुहेरी झालेली.

आणि माल कुठला? रावेर-सावद्याची केळी मुख्यतः दिल्ली-पंजाबकडे जाते, जहाज जाणार पश्चिमेला. पाण्यावरचं भाडं टनामागे स्वस्त, हे कबूल. पण शेतातून ट्रॅक्टर, काठावर चढाई, सुरतेला परत उतराई. दोनदा हमाली, आणि कापलेला घड कोणासाठी थांबत नाही. जहाजाला शोभेल असा माल म्हणजे दीपनगरचा कोळसा, तर तो रेल्वेने थेट वीजकेंद्रात उतरतो.

सगळ्यात अवघड हिशेब पाण्याचा. जहाज उतरवताना दरवेळी हौदभर पाणी खाली सोडावं लागतं. 2023 मध्ये पाऊस कमी पडला, तर पनामालाही रोजची जहाजं कमी करावी लागली. इथे तर उन्हाळ्यात नदीत जागोजागी वाळू दिसते. अमळनेर-चोपड्याची वाट पाहणारं पाडळसे धरण अजून पूर्ण नाही. अशा वेळी पिकाचं पाणी बार्जसाठी सोडायला कोणता शेतकरी तयार होईल?

पाण्यावरची वाहतूक लागतेच, ती उकाईच्या फुगवट्यालगतच्या नंदुरबारच्या गावांना. तिथे जहाज नको, पक्का धक्का आणि धड बोट मिळाली तरी पुष्कळ.