निरुपयोगी पुस्तकांचा अधिकार

अंध विद्यार्थ्याला त्याचे क्रमिक पुस्तक वाचता आले पाहिजे, याविषयी आज कोणी वाद घालणार नाही. त्याला कायद्याचे, अर्थशास्त्राचे, स्पर्धा परीक्षांचे ग्रंथ मिळावेत, हेही सर्वमान्य आहे. निदान भाषणांत तरी आहे. पण ड्रॅगनच्या पाठीवर बसून परग्रहाच्या आकाशात लढणाऱ्या वीरांची कादंबरी त्याला मिळाली नाही, तर समाजाचे काय बिघडले? आणि एकच नव्हे, तर त्या मालिकेतील वीस-बावीस कादंबऱ्या, त्याही क्रमाने, एकही न गाळता? या प्रश्नाला बहुतेक सज्जन माणसे मनातल्या मनात ‘काही बिघडले नाही’ असेच उत्तर देतील. अंधांसाठी चालणाऱ्या कार्याचा पैसा, वेळ आणि सहानुभूती ही सारी ‘उपयुक्त’ पुस्तकांकडे वळते, याचे कारण हे न बोललेले उत्तर आहे.

अमेरिकेत काही माणसांनी या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले आणि तेही भाषण न करता दिले. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील ‘बेनेटेक’ या संस्थेने २००२ साली ‘बुकशेअर’ नावाचे संगणकीय ग्रंथालय सुरू केले. ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही अशा अंध, अंशतः अंध आणि वाचन-अक्षम व्यक्तींसाठी हे ग्रंथालय होते. त्याचे प्रवर्तक जिम फ्रुख्टरमन हे मूळचे अभियंते. छापील पान वाचून दाखवणारी यंत्रे अंधांपर्यंत पोचवण्याचे काम ते त्याआधी अनेक वर्षे करीत होते. अशा यंत्राचा पहिला अवतार रे कुर्झवाइल यांनी १९७६ साली आणला तेव्हा त्याची किंमत सुमारे ५०,००० डॉलर होती. पुढे यंत्र स्वस्त झाले, घरोघरी गेले, आणि एक विचित्र गोष्ट लक्षात आली. एकच लोकप्रिय कादंबरी शेकडो अंध वाचक आपापल्या घरी, एकमेकांना न कळता, पानामागून पान स्कॅन करीत बसत होते. प्रत्येकाचे तेच श्रम आणि प्रत्येकाच्या हाती त्याच चुका. एकाने केलेले काम सर्वांना का मिळू नये, एवढा साधा विचार या ग्रंथालयाच्या मुळाशी होता.

त्याला कायद्याची वाट आधीच मोकळी झाली होती. सिनेटर जॉन चेफी यांच्या पुढाकाराने १९९६ साली अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कायद्यात एक दुरुस्ती झाली. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाची प्रत तयार करताना मान्यताप्राप्त संस्थेला प्रकाशकाची पूर्वपरवानगी घेण्याची गरज उरली नाही. वाचकाने आपल्या अपंगत्वाचा दाखला द्यायचा, वार्षिक वर्गणी भरायची आणि पुस्तक उतरवून घ्यायचे. प्रत्येक प्रतीवर ती कोणी घेतली याची खूण असते. पुस्तके पुरवायची कोणी, हा प्रश्न मात्र उरला होता. त्याचे उत्तर होते स्वयंसेवक. त्यांपैकी अनेक स्वतः अंध होते.

आता स्वयंसेवक म्हटला म्हणजे त्याच्यावर हुकूम चालत नाही. तो आपल्या आवडीचे पुस्तक हाती घेतो. समितीने यादी केली असती तर तीत चरित्रे, आरोग्य आणि व्यवसाय-मार्गदर्शन आले असते. स्वयंसेवकांनी मात्र रहस्यकथा, प्रेमकथा आणि विज्ञानकथा आणल्या. विज्ञानकथेचा वाचक हा जात्याच मालिकेचा वाचक. एक भाग वाचून तो थांबत नाही. म्हणून त्याने जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पिवळी पडलेली पेपरबॅक आवृत्ती शोधायची, तिचा कणा सैल करायचा, काचेवर पालथी ठेवायची, उचलायची, पान उलटायचे आणि पुन्हा ठेवायची. एका वेळी दोन पाने धरली तरी तीनशे पानांच्या कादंबरीसाठी हे दीडशे वेळा करावे लागते. मालिका वीस भागांची असेल तर तीन हजार वेळा.

काम येथे संपत नाही. खरे पाहता येथून ते सुरू होते. यंत्राने टिपलेले पान म्हणजे केवळ चित्र. त्या चित्रातील अक्षरे ओळखून संगणक मजकूर तयार करतो आणि त्या ओळखीत तो चुकतो. इंग्रजीतील ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की त्याला ‘एम’ दिसतो आणि ‘मॉडर्न’ या शब्दाचा ‘मोडेम’ होऊन बसतो. विज्ञानकथेत दोन्ही शब्द शोभतात, हे आणखी वाईट. पानाच्या माथ्यावरचे पुस्तकाचे नाव वाक्याच्या मध्ये घुसते. ओळीच्या शेवटी तोडलेला शब्द तुटलेलाच राहतो. डोळस वाचक अशा चुकीवरून सहज पुढे जातो. कृत्रिम आवाजात ऐकणाऱ्याला मात्र प्रत्येक चूक ठेच लागावी तशी लागते, म्हणून मुद्रितशोधन अटळ ठरते.

ॲन मॅकॅफ्री यांची ‘पर्न’ ग्रहावरील मालिका याचे चांगले उदाहरण आहे. तिची पहिली कादंबरी १९६८ साली आली. त्याच वर्षी त्या मालिकेतील कथेला ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि कथालेखनासाठी तो मिळवणाऱ्या मॅकॅफ्री या पहिल्या स्त्री ठरल्या. ड्रॅगन असले तरी ही परीकथा नव्हे, विज्ञानकथा आहे, असे त्या बजावून सांगत. ते ड्रॅगन वसाहतकारांनी त्या ग्रहावरील लहान प्राण्यांपासून जनुकीय फेरफाराने घडवले, असा खुलासा १९८८ सालच्या कादंबरीत आहे. या मालिकेतील पुरुष ड्रॅगनस्वारांच्या नावांत काही अक्षरे गाळून तेथे लोपचिन्ह घालण्याची प्रथा आहे: फ्’लार, फ्’नॉर, न्’टन. स्कॅनरला ते चिन्ह कधी अवतरणचिन्ह वाटते, कधी कागदावरचा डाग वाटतो, तर कधी ‘आय’ हे अक्षर वाटते. शब्दकोशाची मदत घ्यावी तर त्यात यांपैकी एकही नाव नसते. शब्द तपासणारी आज्ञावली नायकाच्या नावाखाली पानोपानी लाल रेघ ओढते, आणि स्वयंसेवकाने घाईने ‘सर्व बदला’ म्हटले की नायकाचे नाव पुस्तकभर भलतेच होते. पहिल्या भागात एक आणि चौथ्या भागात दुसरे, असे झाले तर ऐकणारा वाचक त्यांना दोन माणसे समजेल. म्हणून मालिका करणारे काळजीपूर्वक स्वयंसेवक नावांची यादी करून ती भागाभागांतून पुढे नेतात. याच कादंबऱ्यांत, चामड्यावर लिहिलेल्या जुन्या नोंदी पुसट आणि जीर्ण झाल्यामुळे माणसांना स्वतःचाच इतिहास धड वाचता येत नाही, असा प्रसंग आहे. तो पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या मुद्रितशोधकाच्या मनात काय येत असेल, याची कल्पना करावी.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा कोणी पुस्तक मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित का करीत नाही, असे विचारले जाते. बोलकी पुस्तके मोलाची आहेत, यात शंका नाही. पण ऐकलेल्या पुस्तकात शब्दाचे लेखन कळत नाही. फ्’लार या नावात एक चिन्ह आहे, हे केवळ ऐकणाऱ्याला कधीच समजणार नाही. मजकुराची फाइल मात्र हवे तसे रूप घेते: ती आवाजातून ऐकता येते, ब्रेलमध्ये उमटवता येते, अंशतः दिसणाऱ्यासाठी अक्षर मोठे करता येते. तिच्यात शब्द शोधता येतो, मागे जाता येते.  येथे वाचक आपला वेग आपण ठरवतो.

प्रकाशकांची भीती अगदीच निराधार नव्हती. फाइल एकदा मोकळी झाली की ती कोठे जाईल, हे कोण सांगणार? परंतु दाखला, खूण आणि सभासदत्वाचे नियम यांमुळे हळूहळू विश्वास बसला, आणि पुढे अनेक प्रकाशक स्वतःच आपल्या फाइली देऊ लागले. आज त्या ग्रंथालयात दहा लाखांहून अधिक पुस्तके आहेत आणि नव्या पुस्तकांसाठी काचेवर पाने पालथी घालण्याची गरज फारशी राहिलेली नाही. तरीही जुनी, पुन्हा न छापलेली, ज्यांची फाइल कोणाकडेच नाही अशी पुस्तके उरतात. मालिकेचा अठरावा भाग प्रकाशकाने दिला पण तिसरा भाग कोठेच नाही, ही त्या वाचकाची खरी व्यथा आहे. तो तिसरा भाग आजही कोणा माणसाच्याच हातून येतो.

या कथेचा महाराष्ट्राशी संबंध काय? संबंध आधी कायद्याचा आहे. अमेरिकेच्या दुरुस्तीखाली तयार झालेल्या प्रती देशाबाहेर पाठवता येत नसत. त्यामुळे तेथील स्वयंसेवकाने स्कॅन केलेली मालिका पुण्यातल्या वाचकाला मिळत नसे. ही भिंत पाडण्यासाठी २७ जून २०१३ रोजी माराकेश करार झाला, आणि २०१४ साली त्याला सर्वप्रथम संमती देणारा देश भारत होता. करार ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आला. अमेरिकेच्या बाबतीत तो मे २०१९ मध्ये लागू झाला. भारताचा स्वतःचा कायदा तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर अमेरिकेच्या कायद्याहून उदार आहे. अपंग व्यक्तीच्या खाजगी उपयोगासाठी, शिक्षणासाठी वा संशोधनासाठी सुगम प्रत तयार करण्याची मुभा येथे केवळ संस्थांना नव्हे, तर कोणाही व्यक्तीला आहे. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे राष्ट्रीय संगणकीय ग्रंथालयही उभे आहे. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांवर होती. कायदा आहे, ग्रंथालय आहे, वाचक आहे. इतके सगळे जुळून आल्यावर आपल्याकडे सहसा जे घडते तेच येथेही घडले आहे: पुढचे काम दुसरे कोणीतरी करील, असे सर्वांनी गृहीत धरले.

मराठीत विज्ञानकथेचे धन थोडे नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावाने कथा पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी पुढे ही वाट रुंद केली. यातील किती तरी कथा प्रथम दिवाळी अंकांत आल्या, आणि जुना दिवाळी अंक ही वस्तू कागद, शाई आणि झिजलेले खिळे या तिन्ही बाबतींत स्कॅनरची परीक्षा पाहणारी आहे. मराठी अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावली आता विनामूल्य मिळतात, आणि स्वच्छ पानावर त्या बरे काम करतात. पण पान पुसट असेल तर ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ होण्यास वेळ लागत नाही. ‘घर’चे ‘धर’ होते; ‘भरणपोषण’ केव्हा ‘मरणपोषण’ होईल, याचा नेम नसतो. दोन्ही रूपे खरे शब्द असली की यंत्राला शंकाही येत नाही. नवी बुद्धिमान म्हणवणारी यंत्रे तर याहून फसवी आहेत. न कळलेल्या जागी ती अर्थ जुळेल असा शब्द स्वतःच्या पदरचा घालतात आणि वाक्य इतके गुळगुळीत होते की मूळ पान शेजारी धरल्यावाचून चूक सापडत नाही.

हे काम करण्यास महाराष्ट्रात कोण योग्य आहे? उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. ज्यांनी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या ते शिक्षक आणि ज्यांनी टिपणी व मसुदे ताडून पाहिले ते कारकून यांच्याइतकी तयार नजर दुसऱ्या कोणाची असणार? विद्यार्थ्याकडे यंत्र आहे, निवृत्त माणसाकडे वेळ आहे. एक सावधगिरी मात्र शिक्षकांना घ्यावी लागेल. मुद्रितशोधकाने यंत्राच्या चुका काढायच्या, लेखकाच्या नव्हे. शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली बदलले. त्यापूर्वीच्या पुस्तकांतील अनुस्वार आज अनावश्यक वाटतील, पण ते लेखकाच्या काळाचे आहेत आणि अंध वाचकालाही ते जसेच्या तसे मिळाले पाहिजेत. लाल शाईची सवय असलेल्या हाताला हा संयम सोपा नाही.

दुसरी गोष्ट ग्रंथालयांची. राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये हजारोंच्या संख्येने आहेत, आणि जीर्ण पुस्तके निर्लेखित करून रद्दीत काढणे हा त्यांच्या नित्याच्या कारभाराचा भाग आहे. या पुस्तकांत कथा-कादंबऱ्या असणारच, कारण वाचकांच्या हातांनी झिजतात ती तीच. ज्या पुस्तकाचा कणा सुटला आहे ते स्कॅनरवर सर्वांत सहज पसरते, हा योगायोग उपयोगी पडणारा आहे. निर्लेखनाच्या यादीत ‘सुगम प्रत झाली आहे काय’ असा एक रकाना वाढवावा, आणि उत्तर ‘नाही’ असे असेल तर ते पुस्तक रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयात महिनाभर ठेवावे. यासाठी ना नवे अनुदान लागते, ना नवी समिती.