खलनायक नसलेली गोष्ट

गेल्या दिवाळीत आमच्या आष्टीच्या घरी फराळाच्या ताटांवर सिनेमाचा विषय निघाला. जावईबापू म्हणाले, "देशोधडीला लागलेले शेतकरी कुटुंब पडद्यावर दाखवावे ते अमेरिकेने! जॉन फोर्डचा 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' पाहा. आपल्याकडे नुसती गाणी!"

जावयाला उलट बोलू नये, हे खरे. पण माझ्याने राहवले नाही. फोर्डचा बोलपट १९४० चा. त्याच्या पंधरा वर्षे आधी, १९२५ साली, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी हरि नारायण आपट्यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. सावकाराने जमीन गिळलेला आणि पोटासाठी शहरातली गिरणी गाठणारा तरुण शेतकरी त्यात शांतारामबापूंनी उभा केला. १९३६ साली त्याचा बोलपटही झाला. तेव्हा हे दुःख आम्ही कोणाकडून उसने आणलेले नाही.

मात्र एका बाबतीत जावईबापूंचे म्हणणे मला मान्य आहे. फोर्डच्या चित्रात घराबाहेर काढलेला कूळ विचारतो, की गोळी घालायची तरी कोणाला? मालकाचा माणूस कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनीमागे बँक निघते, आणि शेवटी माणूस असा कोणीच सापडत नाही. आमच्या चित्रात सावकार समोर असतो. त्याला मनसोक्त शिव्या घालून प्रेक्षक हलक्या मनाने घरी जातो. माझे भांडण आहे ते या हलक्या मनाशी.

कारण आमच्या वर्धा नदीकाठच्या गोष्टीत सावकार नाही. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरण झाले. अमरावती शहर त्याचे पाणी पिते, शेते भिजतात. त्या धरणाला वाईट म्हणणारा मी नव्हे. पण ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या, त्यांना धरण उभे राहून कैक वर्षे लोटल्यावर, ऑगस्ट २०२३ मध्ये, वाढीव मोबदल्यासाठी थेट मुंबईला जाऊन मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या माराव्या लागल्या. त्यांनी बोट दाखवायचे कोणाकडे?

"देशासाठी कोणीतरी त्याग करायलाच हवा," असे यावर हमखास ऐकायला मिळते. अहो, त्याग म्हणजे काय हे आष्टीला शिकवू नका! १९४२ च्या १६ ऑगस्टला इथले लोक छातीवर गोळ्या झेलायला आपण होऊन निघाले होते. आपण होऊन देतो तो त्याग. नोटीस पाठवून घेतली जाते ती वसुली. आणि वसुली करणाऱ्याने निदान हिशेब तरी चुकता करावा. व्याजापायी शेत घेणाऱ्याला आपण पाश आवळणारा म्हणतो. मग शेत घेऊन देणे थकवणाऱ्याला काय म्हणावे?

वाचकहो, सणासुदीला हे कडू बोललो. पण अभ्यंगाच्या पहाटे नळ सोडाल, तेव्हा हे पाणी कोणाच्या अंगणावरून आले, एवढे मुलांना जरूर सांगा. ज्या गोष्टीत खलनायक नसतो, तिच्यात देणेकरी आपण सगळेच असतो.