राखणदार धनी झाला तर?

लोकांनीं मतें देऊन निवडलेलें सरकार नालायक निघालें, तर लष्करानें तें उलथून टाकावें काय? ‘एकदां लष्कराच्या हातीं कारभार द्या, म्हणजे सगळे सुतासारखे सरळ होतील,’ असें म्हणणारे गृहस्थ गांवोगांव चावडीवर भेटतात. महागाईनें गांजलेला माणूस असें बोलला तर नवल नाहीं. परंतु ज्या देशानें हा प्रयोग करून पाहिला, त्याची हकीकत आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनीं ऐकावी आणि मग आपलें मत बनवावें.

दक्षिण अमेरिकेंत चिली नांवाचा देश आहे. तेथील तांब्याच्या मोठ्या खाणी परदेशी कंपन्यांच्या हातांत होत्या व चांगली जमीन थोड्या जमीनदारांच्या. त्या जमिनीवर राबणारे लोक मालकाच्याच खोपटांत राहत आणि मालक सांगेल तसें वागत. ता. ४ सप्टेंबर १९७० च्या निवडणुकींत साल्वादोर अलेंदे यांस शेंकडा सुमारें ३६ मतें पडलीं. तीं निम्मीं नव्हतीं, पण इतरांहून अधिक होतीं. तेव्हां कायद्याप्रमाणें कायदेमंडळानें कौल देऊन त्यांस अध्यक्ष केलें. १९७१ सालीं खाणी राष्ट्राच्या झाल्या. त्यास विरोधकांनींही मतें दिलीं. मोठ्या जमिनी काढून घेण्याचा कायदा आधींच्या सरकारनें १९६७ सालींच केला होता. अलेंदे यांनीं तो झपाट्यानें अमलांत आणला.

आतां दुसरी बाजू. या सरकारचे दोष लहान नव्हते. खर्चासाठीं नोटा छापल्या, भाव कित्येक पटींनीं चढले, पावासाठीं रांगा लागल्या. कायदा सोडून शेतें व कारखाने बळकावले गेले, तिकडे सरकारनें कानाडोळा केला. अमेरिकेचा पैसा गुप्तपणें विरोधकांस मिळत होता हेंही खरें. पण सगळें खापर परक्यांवर फोडतां येणार नाहीं. ता. २२ ऑगस्ट १९७३ रोजीं कायदेमंडळाच्या खालच्या सभागृहानें सरकार घटना मोडतें असा ठरावच केला.

मग इलाज काय होता? इलाज कायद्यांतच होता. दोन-तृतीयांश बळ मिळवून अध्यक्षास काढावें, या हेतूनें विरोधक मार्च १९७३ ची निवडणूक लढले. लोकांनीं तितकें बळ त्यांस दिलें नाहीं. दुसरा इलाज थांबण्याचा. अलेंदे यांची मुदत १९७६ सालीं संपणार होती, आणि लागोपाठ दुसऱ्यांदा उभें राहण्यास घटनेची मनाई होती. राहिलीं होतीं तीन वर्षें. तेवढी कळ सोसवली नाहीं, आणि सतरा वर्षें सोसावें लागलें!

ता. ११ सप्टेंबर १९७३ रोजीं लष्करानें अध्यक्षांच्या वाड्यावर विमानांतून बॉम्ब टाकले. अलेंदे यांचा तेथेंच अंत झाला. पुढें सर्वसत्ताधीश झालेले जनरल पिनोशे यांस अलेंदे यांनींच सेनापति नेमलें होतें. त्यास तीन आठवडेही झाले नव्हते. ज्या कायदेमंडळाच्या ठरावाचा आधार घेतला, तेंच लष्करानें बंद केलें. मजुरांचा मध्यवर्ती संघ बेकायदा ठरला. काढून घेतलेल्या जमिनीचा जवळजवळ तिसरा हिस्सा जुन्या मालकांकडे परत गेला. तीन हजारांहून अधिक माणसें मारलीं गेलीं किंवा नाहींशीं झालीं. शिपाई घर झाडून किल्ली परत देतील, अशी अनेक विरोधी पुढाऱ्यांची समजूत होती. लवकरच त्यांच्याही पक्षास बंदी आली. १९८८ सालीं जनतेनें शेंकडा सुमारें ५६ मतांनीं ‘नको’ म्हटलें, तेव्हां १९९० सालीं पिनोशे अध्यक्षपदावरून उतरले.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांनीं विसरूं नये. लिहितां-वाचतां न येणाऱ्यांस त्या देशांत मताचा हक्क १९७० सालच्या घटनादुरुस्तीनें मिळाला होता. लष्करानें मतदारांच्या याद्याच रद्द करून नष्ट केल्या. श्रीमंताचें मत गेलें तरी त्यास कोणत्याही साहेबाच्या दारीं खुर्ची मिळते. कुळाचें मत गेलें म्हणजे त्याचें सारेंच गेलें.

कोणी म्हणेल, पोर्तुगालांत लष्करानेंच लोकांस मोकळें केलें ना? खरें आहे. १९६१ पर्यंत गोवा दाबून बसलेली ती राजवट ता. २५ एप्रिल १९७४ रोजीं तिच्याच सैनिकांनीं पाडली. पण ती लोकनियुक्त नव्हती; तेथील निवडणुका नांवापुरत्या होत्या. आणि बरोबर एका वर्षानें, ता. २५ एप्रिल १९७५ रोजीं, तेथें घटनासमितीसाठीं खरी निवडणूक झाली. एकानें बंद पेटी उघडली, दुसऱ्यानें उघडी पेटी फोडली. हीं दोन कामें एका मापानें मोजूं नयेत.

निवडून आलेलें सरकारच पुढील निवडणूक बंद करूं लागलें तर? तर जनतेनें संपानें, सभेनें, असहकारानें त्यास अडवावें, आणि शिपायानें बेकायदा हुकूम मानूं नये, लोकांवर बंदूक उचलूं नये. तेथें त्याचें कर्तव्य संपतें. खुर्चीवर बसणें त्याचें काम नव्हे. चिलीचेच सेनापति रेने श्नायडर यांचें हेंच मत होतें. त्या मताच्या आड येणाऱ्यांनीं ऑक्टोबर १९७० मध्यें त्यांस गोळ्या घातल्या, आणि तीन दिवसांनीं त्यांनीं प्राण सोडला.

म्हणून आमचें मत स्पष्ट आहे. जोंवर मताची पेटी उघडी आहे, तोंवर लोकनियुक्त सरकार लष्करानें पाडणें कधींही न्याय्य नाहीं. बंधूंनो, वाईट सरकारचा राग जरूर धरा, सभा भरवा, जाब विचारा, पुढच्या खेपेस त्याला घरीं बसवा. पण राखणदाराच्या हातीं शेताचा सात-बारा देऊं नका. तो परत मागण्यास तुमच्याजवळ कागदही उरणार नाहीं.